काचेवरचं हिरवं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून माझ्या तोंडाला कुलूप. आमच्या लेकीने लावलं, तेही फोनवरून. तिकडे दूर बसून आईबापांचे तंटे सोडवते बाई, न्यायाधीशच जणू! निकाल असा: आई बाबांच्या माशांच्या टाकीबद्दल एक अक्षर बोलणार नाही आणि टाकीला बोटसुद्धा लावणार नाही. बाबा आईच्या दवाखान्यात येऊन पेशंटांशी गप्पा छाटत बसणार नाहीत. ह्यांनी पटकन हो म्हटलं. मग मलाही म्हणावं लागलं.

आणि माझा गुन्हा काय? टाकीतले दगड बुळबुळीत झाले होते, ते खाली दवाखान्यात नेऊन माझ्या हत्यारांबरोबर वाफेवर निर्जंतुक केले. चकाचक करून परत ठेवले. तर ह्यांनी डोक्याला हात लावला. म्हणे त्या दगडांवर चांगले जंतू असतात, ते पाणी सांभाळतात, ते तू मारलेस. चांगले जंतू! आयुष्य गेलं माझं लोकांच्या दाढांतले जंतू मारण्यात, आणि हे मला जंतू शिकवणार. दोन मासे मेले त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर.

ठीक आहे. बोलायचं नाही तर नाही. दवाखान्यातून ही कोरी वही वर आणली आहे. सगळं इथे ओकणार, नाहीतर माझं डोकं फुटेल.

९ फेब्रुवारी, रविवार

टाकी हलवली! हॉलच्या कोपऱ्यात सुखात होती. आज शेजाऱ्याला हाताशी धरून ह्यांनी बादल्या बादल्या पाणी उपसलं, टाकी ओढत खिडकीखाली आणली आणि पुन्हा भरली. माझ्या लाकडी फरशीवर तळं. वर जुन्या दिव्याशेजारी आणखी एक दिवा टांगला. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "कोपऱ्यात अंधार वाटतो गं." लख्ख उजेडात अंधार! आता सकाळी ऊन थेट टाकीत, आणि ऊन गेलं की दिवे, हे झोपेपर्यंत. मासे काय परीक्षेला बसलेत?

मी गप्प. कौतुक करायला कोणी नाही.

ह्यांचं तसं मला कळतं. कापड रंगवण्याच्या कारखान्यात हे रंगमास्तर होते. गिऱ्हाइकाने बोटभर चिंधी आणून द्यायची, ह्यांनी ती खिडकीशी धरून बघायची आणि चार रंग मिसळून हुबेहूब ती छटा काढून द्यायची. यंत्रं आली तरी शेवटचा शब्द ह्यांचाच असायचा. निवृत्तीच्या थोडं आधी एक अख्खा माल परत आला, छटा फसली म्हणून. मालक एका शब्दाने बोलले नाहीत, पण हे त्यानंतर गप्पगप्पच झाले. निवृत्त झाले आणि ही टाकी आणली. लाल, निळे, पिवळे मासे. "डोळ्यांना काम हवं," म्हणाले. मला वाटलं, चला, नवऱ्याला छंद लागला. छंद कसला, रोज सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर असे बसतात की कोणाला वाटावं समाधी लागली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आलं! मला ठाऊकच होतं. शेवाळ आलं. आधी काचेच्या कोपऱ्यात पोपटी ठिपके, आता पुढच्या सबंध काचेवर हिरवी साय धरली आहे. आतून. लाल मासा तपकिरी दिसतो आणि पिवळा म्हणजे आजारी माणसाची जीभ. दातांवर किटण चढतं ना, तसंच. सुरुवातीला नखाने निघतं, दुर्लक्ष केलं की दगड होतो. पेशंटांना सांगून सांगून घसा बसला माझा.

आणि हे काय करतात? मऊ फडका घेऊन काच पुसतात. बाहेरून! शेवाळ आत, फडका बाहेर. पुसतात, मागे होऊन बघतात, परत पुसतात, मग खुर्चीत बसून राहतात. एवढा मोठा रंगमास्तर, आणि घरात हिरवं माजलंय ते आत आहे की बाहेर हे कळत नाही? कळतं हो. आळस आहे. निवृत्तीचा गंज चढलाय, दुसरं काही नाही.

मी सुद्धा पक्की आहे. एक अक्षर बोलले नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज चांगली बातमी आली आणि तिचीही माती झाली.

ह्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाने स्वतःचा रंगाचा कारखाना काढला आहे. छोटाच, पण कामं मोठी मिळताहेत. त्याचा फोन आला. "मास्तर, तुमच्याशिवाय होत नाही. मार्चच्या दहा तारखेपासून या. अर्धा दिवस बसा, नुसता डोळा ठेवा, बाकी पोरं करतील." फोन स्पीकरवर होता, मी पाणी प्यायला वर आले होते, सगळं ऐकलं. माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. हा माणूस घरात बसून सुकत चाललाय. बाहेर पडेल, चार माणसांत बोलेल, पुन्हा पहिल्यासारखा जेवताना पदर, साड्या, पडदे यांच्या रंगांवर बडबडेल.

तर हे म्हणतात, "विचार करून सांगतो."

विचार? कसला विचार? मी विचारलं तर म्हणे, "वय झालं आता." साठीत वय झालं! खाली माझ्या खुर्चीत ऐंशीच्या बायका नवी कवळी बसवून घेतात, लग्नाला जायचंय म्हणून. मी म्हटलं, "नंबर वाढला असेल तर चष्मा तपासून घ्या आणि जा." तर तोंड फिरवून माशांना खाऊ घालायला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ह्यांचं हे असंच. सासऱ्यांचे डोळे काचबिंदूने गेले. शेवटची वर्षं हेच त्यांचा हात धरून अंगणात फिरवायचे. तेव्हापासून हे त्या डॉक्टरच्या गल्लीतूनही जात नाहीत. माझे पेशंट असेच, दाढ फुटेपर्यंत लवंग धरून बसतात. शिकलेली माणसं ही!

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मी असं उत्तर दिलं की ज्याचं नाव ते!

सकाळी खाली जायच्या घाईत होते. हे खुर्चीतून म्हणाले, "अगं, जरा इकडे ये. टाकी कशी दिसते तुला?"

वा रे वा! स्वतः करार करायचा आणि स्वतःच कळ काढायची. मी बोलले असते की लगेच लेकीला फोन, बघ तुझ्या आईने शब्द मोडला. मला काय कुकुलं बाळ समजतात? काच इतकी हिरवी होती की मागची भिंत दिसत नव्हती. मी ऐटीत म्हटलं, "छान दिसते की. अगदी आरशासारखी."

"नीट बघ. काचेवर काही नाही ना?"

"काही नाही. लख्ख आहे."

"नक्की?"

"मला घाण दिसल्याशिवाय राहील का?" म्हटलं आणि उतरले जिना. टोमणा असा बसला की माणसाच्या तोंडून शब्द फुटला नाही. दिवसभर मला गुदगुल्या होत होत्या. आता तरी लाजेकाजेस्तव घासतील.

२३ फेब्रुवारी, रविवार

घासली नाही. उलट आता फडकाही हातात धरत नाहीत.

भलतीच चाळवाचाळव मात्र चालू आहे. साखरेचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर, मिठाचा डबा त्याच्यापासून हातभर लांब. का, तर म्हणे सोयीचं पडतं. मी आज चहात मीठ घातलं. ह्यांच्या नडगीवर ही मोठी काळीनिळी टेंगळं. "कुठे धडपडलात?" तर, "पलंगाला लागलं." पलंग गेली कित्येक वर्षं तिथेच आहे, तो काय चालत आला? दोन कप फुटले. स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली, म्हणे आता तूच चालव. घ्या! म्हणजे भाजी मी आणायची, दवाखाना मी बघायचा, आणि हे बसणार हिरव्या पाण्याकडे बघत.

पेपरही वाचत नाहीत. मला म्हणतात, तू वाच, मी ऐकतो. राजेसाहेब!

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी मासेवाल्याकडे गेले. खायचे नव्हेत, पाळायचे मासे विकतो तो. तिऱ्हाइतासारखं विचारलं, "काचेवर शेवाळ येतं त्याला काय करावं?" तो म्हणाला, "खिडकीत ठेवलीय का टाकी? दिवा किती वेळ असतो?" मी सांगितलं. हसायला लागला. "बाई, तुम्ही शेवाळाची शेती करताय. ऊन बंद करा, दिवा कमी करा, खाणं चिमूटभर. नाहीतर घासून घासून मराल, परत येणारच."

ह्याला मी कसं सांगू की टाकीला हात लावायची मला बंदी आहे? निमूट परत आले. दिवा ह्यांच्या ताब्यात, खिडकी ह्यांच्या ताब्यात, आणि आज तर तिसरा दिवा आणलाय. टेबलावरचा. तो बाजूने काचेवर मारून बसतात. जेवढा उजेड तेवढं शेवाळ, जेवढं शेवाळ तेवढा उजेड. डोकं कुठे गहाण टाकलंय देव जाणे.

कारखानदाराचा पुन्हा फोन आला होता. अजून "बघतो" हेच चालू आहे. असा संताप आला की फोन हिसकावून मीच हो म्हणणार होते.

१ मार्च, शनिवार

शब्द मोडला. मोडला तर मोडला! कोणाला कळलेलं नाही आणि कळणार नाही.

हे केस कापायला गेले. मी बारा वाजताच्या पेशंटला थांबायला सांगितलं, खालून किटण खरवडायचा स्केलर, तोंडातला आरसा, दोन कडक ब्रश घेतले, हातमोजे चढवले आणि भिडले. काय सांगू समाधान! वरून खाली, एकेक पट्टा, हिरड्यांच्या कडेने काढतात तसं कोपऱ्यांतलं टोकरून काढलं. आरसा धरून फिल्टरच्या मागचंसुद्धा. काही मासे माझ्या कोपरापाशी येऊन बघत होते. त्यांनाही बरं वाटलं असणार. हिरव्याचे गोळे जाळीने काढले, पाणी थोडं बदललं, फरशी पुसली, हत्यारं उकळायला टाकली. दगडांना मात्र हात लावला नाही, मेले ते चांगले जंतू.

काच अशी झाली की काच आहे हेच कळेना.

आता बघू. आले की बघतील आणि म्हणतील, "तू हात लावलास?" मी म्हणणार, "छे बाई, आपला करार आहे."

२ मार्च, रविवार

हा माणूस मला समजतच नाही.

काल केस कापून आले, पाय धुतले, सवयीने खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघरातून कान टवकारून. मग उठल्याचा आवाज. मग ह्यांनी हाक मारली, माझ्या नावाने, लग्नानंतर नव्या नवलाईत मारायचे तशी. बाहेर आले तर टाकीपुढे उभे, डोळे भरलेले. "लाल बघ," म्हणाले. "अगं, लाल बघ कसा आहे!"

मी म्हटलं, "लाल आहे." दुसरं काय म्हणणार?

आणि माझे दोन्ही हात धरून मला हॉलमध्ये गरागरा फिरवलं. हातात माझ्या झारा! आज सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवला, छोट्या जाहिरातींसकट. कारखानदाराला स्वतः फोन लावला, दहा तारखेला येतो म्हणाले. लेकीला फोन. जुन्या पेटीतून छटांच्या पट्ट्या काढल्या आणि खिडकीशी उभं राहून एकेक बघत होते. रात्री तीनदा पोटभर वाढून घेतलं.

सगळं छान, मला आनंदच आहे. पण घासली कोणी? घाम कोणाचा गेला? खांदा कोणाचा दुखतोय? "काच स्वच्छ दिसते, कोणी केली" एवढं तरी विचारायचं! जसं काही शेवाळ आपोआप लाजून निघून गेलं. बायकोच्या कष्टांची ही किंमत. विचारलं असतं तर मी नाकारलं असतं, ते वेगळं.

६ मार्च, गुरुवार

परत आलं. मेलं परत आलं! मुळं ह्यांच्या दिव्यात आहेत, मी कितीही टोकरून काय उपयोग. कोपऱ्यात पोपटी, मधे साय. हे आज टाकीपुढे बराच वेळ बसले होते. छटांच्या पट्ट्या परत पेटीत गेल्या.

पुन्हा घासेन म्हटलं तर हे घराबाहेर पडायचं नावच घेत नाहीत. भाजीला पाठवलं तर म्हणे पाय दुखतो.

७ मार्च, शुक्रवार

ह्यांनी कारखान्याला नाही म्हणून कळवलं.

मला जेवताना सांगितलं, भाजीकडे बघत. "जमणार नाही असं कळवून टाकलं." मी ताटावरून उठले. तीन दिवसांवर आलेलं काम! शर्ट इस्त्री करून ठेवले होते मी. भांडायला उभी राहिले तर समोरून भांडणच नाही. "तुला नाही कळायचं," एवढंच. ह्यांच्या आयुष्यात एक गोष्ट ह्यांना खरोखर येते आणि त्या गोष्टीवर लाथ मारून हे चिखलात तोंड घालून बसणार. मला रडू आलं, रागाने. रागानेच.

८ मार्च, शनिवार

अक्षर कसंही येतंय.

दुपारी रूट कॅनालचा पेशंट आला नाही, म्हणून अवेळी वर आले. दार लोटलं तर हे हॉलमध्ये. डोळ्यांवर माझा स्वच्छ टॉवेल घट्ट बांधलेला, दोन्ही हात पुढे, पावलं मोजत पलंगाच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे निघालेले. भिंत चाचपली, उंबऱ्याशी थबकले, पाय उचलून टाकला, ओट्यापर्यंत गेले, खालच्या फळीवर हात घातला आणि साखरेचा डबा बरोबर काढला. मग हसले. एकटेच.

मला वाटलं ह्यांना वेड लागलं. मी ओरडले, "अहो, हे काय चाललंय?" डबा पडला. टॉवेल ओढून काढला तर चेहरा असा, चोरी पकडल्यासारखा.

"सवय करतोय," म्हणाले.

"कसली?"

"बाबांचं कसं झालं तू बघितलंस ना? दर पावलाला मी लागायचो. तुला दवाखाना आहे. तुझ्या गळ्यात नको पडायला. आत्ताच घर पाठ करून ठेवलं तर..."

मी म्हटलं, काय बोलताय, कोणाला काय झालंय? मग एकेक करून बाहेर आलं. माल परत आला तेव्हापासून शंका होती. टाकी आणली ती छंद म्हणून नाही. रोज सकाळी लाल माशावर डोळे तपासायचे. लाल लाल दिसला की दिवस बरा. कोपऱ्यात मासे मंद वाटायला लागले म्हणून खिडकीत आणलं, दिवा वाढवला. तरी फेब्रुवारीपासून लाल मळायला लागला. हिरवट धुकं. बाहेरून काच पुसली, जाईना. आणखी दिवा लावला, आणखी धुकं.

"मग तुला विचारलं," म्हणाले. "तू म्हणालीस लख्ख आहे."

मी पडलेला डबा उचलून ओट्यावर ठेवला.

"वाटलं, ठरलंय म्हणून बोलत नसेल. पण मग म्हटलं, हिला घाण दिसली आणि ही गप्प राहिली असं आयुष्यात झालंय का? दुसऱ्याच्या दातातला कण हिला रस्त्यापलीकडून दिसतो. ही लख्ख म्हणतेय म्हणजे टाकी लख्खच असणार. धुकं माझ्या डोळ्यांत आहे. मग काय, कुठेही बघितलं तरी तेच दिसायला लागलं. पेपरात, भिंतीवर. मधे एक दिवस गेलं होतं. त्या शनिवारी. तुला आठवतं? मला वाटलं सुटलो. चार दिवसांत परत आलं."

मी म्हटलं, "ते शेवाळ होतं."

"काय?"

"काचेवर. आतून. त्या दिवशी तुम्ही केस कापायला गेलात तेव्हा मी घासलं, म्हणून गेलं. मग परत आलं. आत्ताही आहे. तुम्ही विचारलंत तेव्हाही होतं, वीतभर. मी टोमणा मारला होता हो. मला वाटलं तुम्ही मुद्दाम..."

हे उठले. टाकीपाशी गेले. झाकण काढलं, बाही वर न करताच हात पाण्यात घातला आणि काचेवर आतून बोट ओढलं. बोटाच्या रेघेतून लाल मासा दिसला, लालभडक. बोट बाहेर काढून डोळ्यांजवळ धरलं. हिरवं होतं.

"म्हणजे मला दिसत होतं," म्हणाले.

"हो."

"जसं होतं तसंच दिसत होतं."

"हो."

आणि मग ओरडले! हा माणूस, ज्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. "मी आंधळा झालो म्हणून मनाची तयारी करून बसलो! काम सोडलं! रात्ररात्र जागा राहिलो! आणि तू खाली बसून हसत होतीस?" ओल्या बाहीतून पाणी गळत होतं. त्यांनी विश्वास ठेवला तो माझ्या तोंडावर, आणि मी त्या तोंडाचं काय केलं?

पण मलाही राग आहे. एवढं मोठं दुःख नवऱ्याने उशाशी घेऊन झोपायचं आणि शेजारी झोपलेल्या बायकोला सांगायचं नाही? मी कोण आहे मग? हेही मी ओरडूनच म्हटलं. खाली पेशंटांनी सगळं ऐकलं असणार. ऐकू दे.

१० मार्च, सोमवार

दवाखाना बंद ठेवला. ह्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, अक्षरशः ओढत.

डॉक्टर तरुण मुलगी आहे. थेंब घातले, दाब मोजला, दिवे मारले, ठिपके दाखवून बटण दाबायला लावलं. काचबिंदू नाही. नाही म्हणजे नाही, तीनदा विचारलं मी, तिसऱ्यांदा ती चिडली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, रंग जरा पिवळट दिसत असतील त्या बाजूने. वेळ आली की काढता येईल. उजवा ठणठणीत. "घरात काचबिंदू होता ना? मग दरवर्षी यायला हवं होतं," असं तिने खडसावलं. मला बरं वाटलं. माझ्याखेरीज कोणीतरी बोललं ह्यांना.

बाहेर पायरीवर बसून हे रडले. मी पाठीवर हात ठेवला तर झटकला. मग थोड्या वेळाने परत ठेवला, तेव्हा राहू दिला.

११ मार्च, मंगळवार

हे फोन करायला तयार नाहीत. "एकदा नाही म्हटलं, आता कोणत्या तोंडाने?" मग मीच कारखानदाराला लावला. म्हटलं, सांगावं सगळं, ह्यांचे डोळे ठीक आहेत.

तो म्हणाला, "डोळ्यांचं काय झालं? मास्तर म्हणाले तुमची तब्येत नाजूक असते. तुम्हाला एकटं सोडता येत नाही."

माझी! मी, जी उभ्या उभ्या अक्कलदाढा उपटते, जिच्या हाताखाली धट्टेकट्टे पुरुष डोळे मिटून देवाचा धावा करतात, ती नाजूक! जगात दुसरी सबब नव्हती? रागाने कानशिलं तापली माझी, पण जीभ चावली आणि म्हटलं, "हो, आता बरी आहे मी." आयुष्यात यापेक्षा मोठा त्याग मी केलेला नाही.

जागा अजून तशीच आहे. एकाला बघितलं होतं, त्याला निळ्यातलं जांभळं ओळखता येईना. "सोमवारी पाठवा," म्हणाला. मी म्हटलं डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे आधीच सांगते. तो हसला. "मास्तर तसेही डावा मिटूनच रंग बघायचे, बाई. पहिल्यापासून."

हे मला माहीत नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

टाकी परत कोपऱ्यात. एकच दिवा, तोही दुपारनंतर. बोललो आम्ही अजून फारसं नाही. हे रागावलेले आहेत. विचारलं, अजून किती दिवस? म्हणाले, "अजून बरेच. घाई करू नकोस." मी म्हटलं बरं. मलाही अजून तो नाजूकपणा गिळलेला नाही, पण माझी पाळी नंतर.

काचेवर जुनं हिरवं आहेच. मी हात लावलेला नाही.

१७ मार्च, सोमवार

आज गेले. इस्त्रीचा शर्ट, खिशात छटांच्या पट्ट्या. डबा भरून दिला तो न बोलता घेतला. स्कूटरची किल्ली माझ्या पर्समधून काढून घेतली, तीही न बोलता. मी खाली येऊन कामाला लागले. खुर्चीत एक गृहस्थ, तोंड उघडं, तोंडात नळी. खिडकीतून फाटक दिसतं. स्कूटर फाटकाबाहेर गेली आणि थांबली. हे मागे वळले आणि तिथूनच, बाकावरच्या सगळ्या पेशंटांदेखत, ओरडले.

"काच घासू नकोस! संध्याकाळी आल्यावर मी घासतो. मला दिसतेय ती!"

आणि गेले.

मास्क होता म्हणून बरं. डोळ्यांपुढचं काही दिसेना, दाढ कुठली आणि जीभ कुठली. हत्यार तसंच हातात धरून उभी राहिले. शेवटी त्या गृहस्थाने तोंडातली नळी काढली आणि घाबरून विचारलं, "डॉक्टर, दुखतंय का?"

मी म्हटलं, "आ करा."